मिनिटभराचं जेवण

वाडग्यात कोरडे दाणे पडल्याचा खडखडाट होतो, कुत्रं धावत येतं आणि मिनिटभरात वाडगं चाटूनपुसून लख्ख. सकाळचं एक मिनिट, संध्याकाळचं एक मिनिट. ज्याचं नाक, कान, जबडा, पाय सगळं पोटामागे हिंडण्यासाठी घडलंय, त्याच्या पोटाचं काम आपण दिवसाकाठी दोन मिनिटांत उरकून टाकतो. वाढ पूर्ण झालेलं कुत्रं दिवसाचे १२ ते १४ तास झोपतं, हे खरं. पण झोपून उरलेल्या तासांत त्याने करायचं काय, हा प्रश्न वाडगं आणताना कुणाच्या डोक्यात नसतो. मग उत्तर कुत्रंच शोधतं. चपलेचा पट्टा जातो, उशीतला कापूस बाहेर येतो, कुंडीतली माती फरशीभर होते. आपण म्हणतो, फार वांड झालंय. वांड कसलं, बिनकामाचं झालंय.

मांजराचं दुखणं इतकं उघड होत नाही. कंटाळलेलं मांजर तोडफोड करण्याऐवजी बहुधा गप्प होतं, आणि गप्प मांजराला आपण शहाणं म्हणतो. पोटाखालचे केस चाटून चाटून विरळ होतात, वजन वाढत जातं, पहाटे चारला पांघरुणातून बाहेर आलेल्या अंगठ्यावर झडप पडते. दिवसभर झोपा काढणारं हे मांजर त्या एका झडपेत आपली सगळी कैफियत मांडत असतं.

'कंटाळा घालवणं' हा शब्दप्रयोग मला तितकासा पटत नाही. त्यात करमणुकीचा सूर आहे, आणि मग खेळण्यांची टोपली भरण्याकडेच गाडी जाते. प्राण्याला काम हवं असतं आणि त्या कामाला शेवट हवा असतो. शोधलं, सापडलं, खाल्लं, अंग चाटलं, झोपलं. या साखळीतली एखादी कडी आपण काढून घेतली की महागातलं खेळणंही फुकट जातं.

हे शहाणपण आधी प्राणिसंग्रहालयांत आलं. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हॅल मार्कोविट्झ यांनी गिबन वानरांना कळ दाबून खाणं मिळवता येईल अशी सोय केली होती. त्याआधी, १९६३ मध्ये, ग्लेन जेन्सन या मानसशास्त्रज्ञाने उंदरांपुढे फुकटच्या खाण्याची थाळी ठेवली आणि शेजारी दाबल्यावर दाणा पडणारी कळ. थाळी भरलेली असतानाही बहुतेक उंदीर अधूनमधून कळ दाबून खात राहिले. पुढे असंच वागणं कितीतरी प्राण्यांत दिसलं. मांजर मात्र त्याला अपवाद निघालं. २०२१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी १७ घरगुती मांजरांपुढे खाण्याचं कोडं आणि साधी थाळी शेजारी शेजारी ठेवली. बहुतेकांनी थाळीच पसंत केली. म्हणजे कुत्र्यासाठी लिहिलेला सल्ला मांजराला जसाच्या तसा लावला की तो फसणार, हे आलंच.

आधी कुत्र्याचं बघू, ते सोपं आहे. त्याचं काम नाकात. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५०-६० लाख. कुत्र्याच्या नाकात त्या २०-३० कोटींच्या घरात असतात. हुंगताना ते सेकंदाला पाचेक वेळा आखूड श्वास ओढतं, आणि सोडलेली हवा नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून मागे जाते, म्हणजे समोरचा ताजा वास विस्कटत नाही. कोरड्या मातीवर हुंगणाऱ्या कुत्र्याजवळ उकिडवं बसून बघा. नाकाच्या दोन्ही अंगांना धुळीचे बारीक फवारे उडताना दिसतात. यात मेहनत आहे. उन्हातून आलेलं, जीभ बाहेर काढून धापा टाकणारं कुत्रं नीट हुंगू शकत नाही. तोंडाने धाप आणि नाकाने आखूड हुंगणं एका वेळी जमत नाही. म्हणून वासाचा खेळ पळापळीनंतर लगेच लावू नये. आधी पाणी, दहा-पंधरा मिनिटं विसावा, मग नाक.

शार्लट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाळीव कुत्र्यांचे दोन गट होते. एका गटाने दोन आठवडे खाऊ हुंगून शोधण्याचा सराव केला, दुसऱ्याने माणसाच्या पायाशी शिस्तीत चालण्याचा. नंतर त्यांच्यापुढे भांडं ठेवलं, भरलेलं की रिकामं याचा अंदाज येणार नाही अशा जागी. हुंगणारा गट त्या भांड्याकडे आधीपेक्षा लवकर जाऊ लागला. पायाशी चालणाऱ्यांत तसा फरक दिसला नाही. शास्त्रज्ञ याला आशावादाचं माप मानतात. मला त्यातली दुसरी गोष्टही महत्त्वाची वाटते. हुंगताना कुठे जायचं हे कुत्रं ठरवतं. पायाशी चालताना ते आपण ठरवतो.

तेव्हा फिरायला नेताना अर्धा वेळ त्याच्या नाकाला द्यावा. गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस आणि तीनेक मीटरची दोरी. एका झुडपाशी ते दोन मिनिटं थांबलं तर आपणही थांबायचं, आणि या दोन मिनिटांत फोनवर बोलायचं नाही, कारण फोन चालू असला की हात नकळत दोरी ओढतो. अंतर कमी झालं तरी चालेल. अर्ध्या तासात गल्लीचं टोकही गाठलं नाही, असा दिवस वाया गेला असं समजायचं कारण नाही.

घरातल्या शोधाशोधीसाठी पैसा लागत नाही. वेगळा खाऊही नको, रोजच्या मापातलेच दाणे बाजूला काढायचे. पहिल्या दिवशी कुत्र्याला थांबवून त्याच्या डोळ्यांसमोर पाच दाणे पाच ठिकाणी ठेवायचे, खुर्चीच्या पायाशी, चटईच्या कडेला, असे. मग 'शोध' म्हणून सोडायचं. शब्द रोज तोच. दोन-तीन दिवसांनी दाणे ठेवताना त्याला खोलीबाहेर ठेवायचं. मग वस्तूंच्या आड, मग गुडघ्याएवढ्या उंचीवर. उंची शेवटी, कारण कुत्री आधी जमीनच चाळतात आणि वर काही असेल हे त्यांच्या ध्यानीमनी नसतं. इथे हमखास एक अडचण येते: दाणा हातभर अंतरावर असून कुत्रं भलतीकडेच घिरट्या घालतं, आणि आपण बोट दाखवून मोकळे होतो. बोट दाखवू नका, आधी पंखा बंद करा. वास हवेबरोबर वाहतो, भिंतीला आपटून कोपऱ्यात साचतो, आणि कुत्रं त्या साचलेल्या वासाशी जाऊन दाणा शोधत बसतं. थोड्या वेळाने ते मागे वळतं, आडवं-तिरपं चालतं, आणि एका क्षणी डोकं झटक्यात फिरतं, जणू कुणी नाकाला धरून वळवलं. वास लागला. त्यानंतरची दोन पावलं सरळ रेषेत पडतात. हा क्षण बोट दाखवून खाऊन टाकला तर त्या खेळात मग उरतंच काय.

टॉवेलचं कोडं याच्या पुढचं. जुना टॉवेल जमिनीवर सपाट अंथरून त्यावर मूठभर दाणे पसरायचे. हे जमलं की एक घडी. मग गुंडाळी, पण सैल. मग घट्ट गुंडाळी, आणि आठवडा-पंधरा दिवसांनी त्या गुंडाळीला मध्ये एक सैल गाठ. गडबड होते ती पहिल्याच दिवशी गाठ मारल्याने. कुत्रं दोनदा पंजा मारतं, भुंकतं, आणि मग टॉवेल फाडायला घेतं. ते मूर्ख ठरत नाही, त्याला फक्त 'फाडणं' हे उत्तर सापडलं, आणि एकदा सापडलेलं उत्तर ते पुढच्या प्रत्येक टॉवेलवर वापरणार, अगदी अंघोळीच्या टॉवेलवरसुद्धा. साधारण बेत असा ठेवावा की पहिला दाणा दहा सेकंदांच्या आत मिळावा आणि सगळं पाच ते दहा मिनिटांत संपावं.

झिरमिळ्यांची चटई, जिला हल्ली सगळे स्नफल मॅट म्हणतात, घरीही होते. सिंकमध्ये घालतात तशी भोकांची रबरी जाळी, अंदाजे ३० बाय ४० सेंटीमीटर. फ्लीसच्या, म्हणजे मऊ लोकरीसारख्या कापडाच्या, तीन सेंटीमीटर रुंद, वीसेक सेंटीमीटर लांब पट्ट्या कापायच्या. शेजारच्या दोन भोकांतून पट्टीची दोन टोकं वर काढून एकच गाठ. आडव्या ओळी पूर्ण झाल्या की उभ्या, नाहीतर झिरमिळ्या विरळ होऊन दाणे सरळ दिसतात. सुती कापड नको, त्याचे धागे सुटतात. ओलं खाणं त्यात कधीच घालू नये, आतल्या गाठीत ते आंबतं आणि चार दिवसांनी चटईला जो वास येतो तो कुत्र्याला आवडतो, ही आणखी पंचाईत. आठवड्याला धुवायची, कडक वाळवायची. कापड गिळायची खोड असलेल्या कुत्र्याला ही चटई देऊच नये. त्याला पुठ्ठ्याचा खोका आणि चुरगळलेले कागद बरे, तेही पिना आणि चिकटपट्टी काढून, आणि आपण समोर बसून.

आत खाणं भरायच्या रबरी खेळण्यांची गोष्ट मजेची आहे. कॉंग नावाचं जे पोकळ, तीन फुगोट्यांचं खेळणं जगभर दिसतं, त्याचा जन्म १९७० च्या दशकातला. जो मार्कहॅम यांचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवून घेत असे. जुन्या फोक्सवॅगन गाडीच्या दुरुस्तीत निघालेला रबराचा एक भाग त्याच्या पुढ्यात पडला आणि दगड सुटले. पण हे खेळणं घरोघरी कपाटात का पडून असतं? कारण पहिल्याच दिवशी ते ठासून भरून गोठवून दिलं जातं. क्रम असा हवा: आधी फक्त कोरडे दाणे, खेळणं कलंडलं की घरंगळत बाहेर येणारे. मग अर्धे कोरडे, अर्धे कोमट पाण्यात भिजवून मऊ केलेले. मग सगळे भिजवलेले, पण सैल भरलेले, आणि तोंडाशी थोडं लिबलिबीत बाहेर आलेलं, म्हणजे पहिली जीभ लागताच काहीतरी मिळतं. हे तीन टप्पे पार पडल्यावर फ्रीझर, चार-पाच तास. मोठ्या फुगोट्यातलं खाणं जिभेला लागतच नसेल तर एक लांब पट्टीसारखा तुकडा तिरका घालून ठेवावा; तो ओढला की बाकीचं सुटतं.

खेळण्याला दोन भोकं असलीच पाहिजेत. एकाच भोकाच्या चेंडूत निर्वात पोकळी होऊन जीभ अडकते, सुजते, आणि प्रकरण शस्त्रक्रियेपर्यंत जातं. माप असं की खेळणं पूर्ण तोंडात मावता कामा नये. शेंगदाण्याचं लोणी भरत असाल तर डब्यावरचे घटक वाचा. झायलिटॉल असेल तर तो डबा कुत्र्यापासून लांब, कारण हे गोडवा आणणारं द्रव्य कुत्र्याची रक्तशर्करा धडाधड खाली आणतं आणि यकृत निकामी करू शकतं. द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, चॉकलेट यांपैकी काहीही नको. आणि जे भरलं ते वाडग्यातून वजा करायचं. वरखाऊ दिवसभराच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांपलीकडे गेला की कोड्यांच्या नादात कुत्र्याचं पिंप होतं.

चघळायच्या वस्तूंबाबत एकच कसोटी सांगतो: अंगठ्याचं नख जोरात दाबा. खूण उमटली तर वस्तू चालेल. नाही उमटली, म्हणजे शिंग, जाड हाड, कडक नायलॉन, तर वरच्या जबड्यातल्या मोठ्या दाढेचा कपचा उडण्याची वेळ फार लांब नसते.

शिकवणं हेही डोक्याला खाद्यच, आणि सर्वांत स्वस्त. लोक इथे अर्धा-पाऊण तास घाम गाळतात. डेन्मार्कमध्ये बीगल कुत्र्यांवर झालेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्यातून एक-दोनदाच सराव केलेल्या कुत्र्यांना तीच गोष्ट शिकायला रोज सराव करणाऱ्यांपेक्षा कमी बैठका लागल्या. अर्थात दिवस जास्त लागले. रोज शिकवू नये असा त्याचा अर्थ मी काढणार नाही. पण तीन-चार मिनिटांनी थांबावं, आणि एकाच करामतीवर रोज ठोकाठोक करू नये, एवढं त्यातून नक्की निघतं. जमिनीवर रिकामा खोका ठेवा आणि काही सांगू नका. कुत्र्याने खोक्याकडे पाहिलं, 'छान' म्हणून एक दाणा. जवळ गेलं, दाणा. पंजा लागला, दाणा. मग नुसत्या पाहण्याला दाणा बंद. ते थबकतं, तुमच्याकडे बघतं, खोक्याकडे बघतं, आणि मग चार प्रकार एकदम करून दाखवतं. डोकं चालतंय ते इथे दिसतं. चेझर नावाच्या बॉर्डर कोली कुत्रीला जॉन पिली यांनी तीन वर्षांत १०२२ वस्तूंची नावं शिकवली होती, पण त्यासाठी दिवसाचे चार-पाच तास घातले होते. तेवढं आपल्याला नको. 'चेंडू' आणि 'दोरी' यांतला फरक कळायलाच बऱ्याच कुत्र्यांना काही आठवडे लागतात, आणि तेही ठीक आहे.

चेंडूफेकीविषयी माझं मत लोकांना रुचत नाही. एकाच चेंडूमागे शंभर फेऱ्या मारलेलं कुत्रं दमतं, पण शांत होत नाही. घरी येऊन ते धापत येरझाऱ्या घालतं, आणि महिनाभरात त्याचा दमसास इतका वाढतो की शंभराच्या दीडशे कराव्या लागतात. त्याऐवजी आठ-दहा फेका, आणि त्यांतला शेवटचा चेंडू त्याला न दाखवता उंच गवतात टाकून हुंगून शोधायला लावा. लाल चेंडू हिरव्या गवतात कुत्र्याला डोळ्यांनी नीट सापडत नाही, त्याला निळा आणि पिवळा रंग चांगला कळतो. म्हणून नाकाच्या खेळाला लाल चेंडू उत्तम आणि डोळ्यांच्या खेळाला निळा.

आता मांजर.

मांजर कोड्याला नाक मुरडतं म्हणून ते आळशी ठरत नाही. त्याचं काम वेगळं आहे: दबा धरणं, झेपावणं, पकडणं, चावा, खाणं, अंग साफ करणं, झोप. मोकळं फिरणारं मांजर दिवसात उंदरांएवढ्या आठ-दहा लहान शिकारी खातं, आणि त्यासाठी याहून कितीतरी जास्त वेळा झेप हुकवतं. घरातलं मांजर दोन जेवणांत सगळं मिळवतं आणि झेप एकही घेत नाही. म्हणून मांजराचं पहिलं खेळणं म्हणजे काठी, तिला दीडेक मीटर दोरी आणि टोकाला पिसं किंवा कापडाचा तुकडा.

ही काठी शंभरातले नव्वद लोक चुकीची हलवतात. तोंडासमोर गदगदा हलवतात, नाकावर आपटतात. उंदीर कधी मांजराच्या अंगावर चालून येतो का? भक्ष्य पळतं, आणि लपतं. तेव्हा टोक मांजरापासून दूर, आडवं, जमिनीलगत सरकवा, चटईच्या कडेखाली अर्धं घाला, थांबा. हे थांबणं फार महत्त्वाचं. बाहुल्या मोठ्या होतात, कान पुढे येतात, मागचे पाय जागच्या जागी डुलतात. अजून थांबा. मग इंचभर हलवा. झेप आलीच. तिसऱ्या-चौथ्या झेपेला पकडू द्या, दात रोवू द्या, मागच्या पायांनी तुडवू द्या, आणि ओढाओढ न करता दोरी ढिली सोडा. दहा मिनिटांत मांजर उताणं पडून एका पंजाने खेळायला लागलं की ते दमलं. आता भक्ष्याला हळूहळू 'मारा': सरकणं मंद, मग थरथर, मग बंद. आणि लगेच जेवण. रात्री झोपण्याआधी हा क्रम महिनाभर नेमाने चालवला तर पहाटे चारची अंगठ्यावरची झडप बहुधा थांबते. अट एकच: चारला उठून खायला घालणंही बंद. दोन्ही चालू ठेवलं तर मांजर दोन्ही घेतं. खेळ संपला की काठी कपाटात. दोरा गिळला तर आतडी त्यावर गोळा होतात, ताणून कापलीही जातात. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक दिसलं तर ते कधीही ओढायचं नाही, तसंच पशुवैद्याकडे न्यायचं.

याच साखळीमुळे लेझरचा लाल ठिपका मला नापसंत आहे. दबा आहे, धाव आहे, पकड कधीच नाही. २०२१ मध्ये मांजरं पाळणाऱ्यांच्या एका पाहणीत लेझर जास्त वापरणाऱ्या घरांत सावल्या नि कवडशांमागे लागण्यासारखी वेडीवाकडी वागणूक जास्त आढळली. कारण-परिणाम त्यातून सिद्ध होत नाही, पण मला तेवढं पुरे आहे. वापरायचाच असेल तर शेवटी ठिपका एका खऱ्या दाण्यावर नेऊन विझवावा. कुत्र्यासाठी तर अजिबात वापरू नये.

'आमच्या मांजराला खेळायलाच आवडत नाही' असं म्हणणाऱ्या घरात तेच चार खेळण्यातले उंदीर सहा महिने सोफ्याखाली पडलेले असतात. ब्रिटनमध्ये जॉन ब्रॅडशॉ आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की तेच खेळणं पुन:पुन्हा दिलं तर मांजराचा रस झपाट्याने उतरतो, पण लगेच वेगळं खेळणं पुढे केलं की ते पहिल्यापेक्षाही जोरात तुटून पडतं. म्हणजे मांजर खेळाला कंटाळलं नव्हतं, त्या खेळण्याला कंटाळलं होतं. न मरणाऱ्या, न फाटणाऱ्या, न बदलणाऱ्या भक्ष्यात त्याला राम वाटत नाही. तेव्हा पंधरा खेळणी असतील तर बाहेर तीन-चारच ठेवा, दर तीन दिवसांनी बदला, आणि खेळताना मध्येच एकाऐवजी दुसरं पुढे करा. आत ठेवलेल्या खेळण्यांच्या डब्यात वाळलेलं कॅटनिप, म्हणजे मांजरांना धुंद करणारी पुदिन्याच्या कुळातली वनस्पती, चिमूटभर टाकलं तर बाहेर येताना ती नव्यासारखी लागतात. साधारण दोन-तृतीयांश मांजरांवर कॅटनिपचा अंमल होतो. दहाएक मिनिटं लोळणं, गाल घासणं, आणि मग तासभर तरी काही नाही. लहान पिल्लांना ते लागू पडत नाही. म्हणून ते रोज उघडं ठेवण्यात अर्थ नाही.

खाण्याचं कोडं मांजराला द्यावंच, पण थाळी बंद करून नव्हे. टॉयलेट पेपरच्या सहा नळ्या पाच सेंटीमीटर उंचीच्या कापून एका पुठ्ठ्यावर उभ्या चिकटवा आणि प्रत्येकीत दोन-तीन दाणे टाका. पंजा आत जाऊन दाणा ओढता आला पाहिजे. पूर्ण लांबीच्या नळ्यांत पंजा तळाला पोचत नाही, आणि मांजर एकदा खाली बघून जे निघून जातं ते परत येत नाही. पहिला आठवडा रोजच्या खाण्याचा चौथा हिस्साच त्यात, तोही सर्वांत आवडता. बाकी नेहमीच्या जागी. 'भूक लागली की करेल' हा हिशेब मांजरावर कधी लावू नका. दिवसभर काही खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करावा, विशेषतः मांजर जाडजूड असेल तर, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठून जीवघेणा आजार होतो.

बाकी मांजराला घर उभं लागतं. जमीन कुत्र्याची, भिंत मांजराची, असं म्हटलं तरी चालेल. वर बसायला तीसेक सेंटीमीटर रुंद फळी, चढायला एक वाट आणि उतरायला दुसरी. एकच वाट असेल तर दुसरं मांजर खाली बसून नाकाबंदी करतं आणि वरची जागा तुरुंग होते. नखं घासायचा खांब मांजराने पूर्ण ताणून उभं राहिल्यावरही पुरला पाहिजे, म्हणजे ८०-९० सेंटीमीटर तरी, आणि डगमगता कामा नये. डगमगला की मांजर सोफ्याकडे जातं, कारण सोफा हलत नाही. खिडकीतली जागा उत्तम, फक्त जाळी पक्की हवी. आणि बाहेर दुसरं मांजर येऊन बसत असेल तर काचेचा खालचा भाग झाकून टाकावा. त्या परक्यावरचा राग काढायला ते सापडत नाही, मग घरातल्या मांजरावर किंवा तुमच्या पिंढरीवर निघतो.

कामावर जाताना दिवाणखान्यात टीव्ही लावून ठेवण्याने फार काही होतं असं मला वाटत नाही. त्याऐवजी जुना फोन खुर्चीवर टेकवून पहिल्या चाळीस मिनिटांचं चित्रण करा, निदान कुत्र्यासाठी. रिकामं कुत्रं आधी झोपतं, मग दुपारी उठून उचापती करतं, आणि ठेवलेलं भरलं खेळणं चाटून साफ करतं. घाबरलेलं कुत्रं तुम्ही बाहेर पडल्याबरोबर दारापाशी जातं, चौकट ओरबाडतं, लाळ गाळतं, रडतं, आणि त्याच खेळण्याला तोंडही लावत नाही. तुम्ही परत आलात की मात्र खायला लागतं. दुसऱ्या प्रकाराला कोडी पुरत नाहीत. तो एकटेपणाच्या भीतीचा आजार आहे, आणि त्याचा उपचार पशुवैद्य आणि वर्तनतज्ज्ञ मिळून करतात. तसंच, एकाएकी बदललेलं वागणं कंटाळ्याच्या खाती टाकण्याआधी दुखणं तपासावं. बोका वारंवार मातीच्या ट्रेमध्ये बसतो आणि लघवी होत नाही, ही तर त्याच घटकेला दवाखाना गाठायची वेळ. आणि मूत्राशयाच्या ज्या सुजेचं जंतूसारखं कारण सापडत नाही, तिच्यावर घरातलं वातावरण बदलल्यानेही फरक पडतो, हे टोनी बफिंग्टन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवून दिलंय: लपायला जागा, वेगवेगळ्या ठिकाणी पाणी आणि माती, रोजचा खेळ.

घरात दोन प्राणी असतील तर कोडी वेगवेगळ्या खोल्यांत, मध्ये बंद दार. एरवी एकत्र झोपणारी जोडीही भरल्या खेळण्यावरून गुरगुरते, आणि जे नमतं घेतं ते महिन्याभरात कोड्याकडे फिरकणंच सोडतं. संपल्यावर रिकामी खेळणी आधी उचला, मग दार उघडा.

म्हातारपणी हे सगळं बंद करायची घाई होते, 'आता कशाला त्याला त्रास' म्हणून. मिल्ग्रम आणि सहकाऱ्यांनी म्हाताऱ्या बीगल कुत्र्यांना दोन वर्षं दोन गोष्टी दिल्या, ऑक्सिडीकरण रोखणारा आहार आणि खेळ-व्यायाम-सोबत-कोडी. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षात शिकण्याची ताकद सर्वांत चांगली टिकली ती दोन्ही मिळालेल्या कुत्र्यांत. तेव्हा काम बंद करू नये, फक्त हलकं करावं. टॉवेलखाली रबरी चटई, म्हणजे पाय घसरत नाहीत. दाणे कोमट पाण्याचा हात लावलेले, म्हणजे वास उठतो. मान फार खाली घालवत नसेल तर टॉवेल जमिनीऐवजी वीतभर उंच पाटावर, रोज त्याच जागी, त्याच वेळी. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेलं कुत्रं कडेला नाक लावतं, थोडं थांबतं, गुंडाळी नाकाने एक पदर उलगडते, पहिला दाणा मिळतो. दुसऱ्यासाठी त्याला मिनिट लागलं तरी लागू द्या. निम्म्यावर सोडून ते आपल्या गादीकडे गेलं तर उरलेले दाणे गोळा करून वाडग्यात टाका आणि वाडगं त्याच्याजवळ नेऊन ठेवा.